एकाच नाकपुडीतलं मास आणि इन्व्हर्टेड पॅपिलोमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाक-कान-घसा विभागाच्या ओपीडीत रुग्ण आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे नातेवाईक जे विचारतात, ते इथे घेतलं आहे. मुख्य विषय इन्व्हर्टेड पॅपिलोमा हाच आहे. नाकात आणि सायनसमध्ये (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत) होणारी ही गाठ मुळात साधी असते, पण काही जणांत तिचा कॅन्सर होतो. ओघाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर आजारांबद्दलही लिहिलं आहे.

डॉक्टर म्हणाले, नाकात मास वाढलंय. म्हणजे नक्की काय वाढलंय?

एवढ्यावरून काहीच कळत नाही. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर प्रत्येकालाच असणारे उंचवटे ॲलर्जीने फुगले, तरी आपल्याकडे ‘मास’ म्हणतात. ॲलर्जीचे पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराचे सुजून लोंबणारे फुगे, तेही मास. आणि खरीखुरी गाठ असली तरी तेही मासच. डॉक्टरही घाईत हाच शब्द वापरून मोकळे होतात, कारण तो सगळ्यांना समजतो. तुमच्या फाइलमध्ये दुर्बिणीच्या तपासणीचा किंवा सीटी स्कॅनचा कागद असेल तर त्यात दोन गोष्टी शोधा : मास एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, आणि त्याचा तुकडा तपासायला गेला आहे का. पुढच्या बऱ्याचशा उत्तरांचा निकाल या दोन गोष्टींवरच लागतो.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा म्हणजे कॅन्सर का?

नाही. पण ‘साधी गाठ आहे, सोडून द्या’ असं म्हणण्यासारखीही ती नाही.

नाक आणि सायनस यांच्या आतून एक पातळ अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी वाढू लागतात, आणि बाहेरच्या पोकळीत वाढण्याबरोबरच खालच्या थरात, म्हणजे आतल्या बाजूला, घड्या घालत शिरतात. हे आत वळणं १९३८ मध्ये रिंगर्ट्झ यांनी नीट मांडलं. गाठ साधी असली तरी तिच्या दाबाने शेजारचं पातळ हाड झिजतं, आणि पुरती काढली नाही तर ती परत येते.

कॅन्सर किती जणांत होतो? वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ५ ते १५ टक्के असे आकडे आहेत. बहुतेक डॉक्टर दहात एक किंवा त्याहून थोडं कमी असं धरून चालतात. यात एक गोष्ट नातेवाईकांना मी मुद्दाम सांगतो. ज्यांना कॅन्सर होतो, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांत पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच गाठीत कुठेतरी कॅन्सर असतो. साधी गाठ काढली आणि पुढे काही वर्षांनी त्या जागी कॅन्सर झाला, असे रुग्ण त्यामानाने कमी. म्हणून पहिल्याच वेळी निघालेला सगळा माल तपासायला जाणं सर्वांत महत्त्वाचं. कॅन्सर झालाच तर तो बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या प्रकारचा असतो.

ॲलर्जीच्या पॉलिपपेक्षा हे वेगळं आहे, हे आम्हाला कसं कळणार?

खात्रीने तुम्हाला कळणार नाही, आणि नुसतं बघून आम्हालाही नेहमी कळत नाही. पण एक खूण फार उपयोगी आहे : बाजू.

ॲलर्जीचे पॉलिप जवळजवळ नेहमी दोन्ही नाकपुड्यांत असतात. सोबत शिंका, पाणी गळणं, बऱ्याचदा दमा. कधी उजवं नाक बंद, कधी डावं, पाऊस लागला की जास्त, औषध घेतलं की कमी. इन्व्हर्टेड पॅपिलोमाचं असं नसतं. तो बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. डावं नाक बंद झालं की ते डावंच बंद राहतं, महिनोन्‌महिने, आणि हळूहळू अधिकच. सर्दीच्या गोळ्यांनी दोन दिवस जरा बरं वाटतं, कारण भोवतीची सूज उतरते. गाठ जिथल्या तिथे.

वय हीसुद्धा एक खूण. हा आजार साधारण चाळिशी ते सत्तरीत दिसतो, पुरुषांत बायकांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त. तो विरळाच आहे; लाख लोकांमागे वर्षाला साधारण एखादा रुग्ण. म्हणजे एका बाजूने नाक चोंदलेल्या प्रत्येकाने घाबरायचं कारण नाही. पडदा वाकडा असणं, दाढेच्या मुळाच्या जंतुसंसर्गाने गालाचा सायनस भरणं, बुरशीचा गोळा, लहान मुलाने नाकात घातलेला खडू किंवा हरभरा, यांनीही नाक एकाच बाजूने बंद होतं. मात्र पन्नाशीच्या माणसाचं एकच नाक चार-सहा आठवडे सलग बंद असेल, तर आत दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय त्याला सर्दी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

घुळणा तर उन्हाळ्यात सगळ्यांचाच फुटतो. मग काळजी कधी करायची?

खरंय. एप्रिल-मे मध्ये परभणी, नांदेड, जालन्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. कोरड्या हवेने नाकाच्या पुढच्या भागातल्या शिरा फुटतात, आणि नाक दाबून धरलं की दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबतं. (डोकं मागे टाकू नका, पुढे झुकवा, मागे टाकलं की रक्त पोटात जातं आणि उलटी होते.) काळजी करायची ती अशा वेळी : रक्त नेहमी एकाच नाकपुडीतून येतंय, त्याच बाजूचं नाक बंद आहे, शेंबडात रक्ताचे धागे दिसतात, किंवा ऐन थंडीतही तेच चाललंय.

यापुढची लक्षणं असली तर थांबूच नका : गालाला किंवा वरच्या ओठाला बधिरता, वरची दाढ विनाकारण हलणं, टाळूला फुगवटा, एक डोळा पुढे येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यातून सतत पाणी गळणं, मानेत गाठ. साध्या पॅपिलोमात यातली बरीच लक्षणं सहसा नसतात. ती असली की गाठ डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचली असेल किंवा तिचा स्वभाव बदलला असेल, अशी शंका आम्ही घेतो. हलणारी दाढ काढून टाकली आणि खड्ड्यातून मास वर आलं, अशी माणसं अजूनही येतात. दाढ किडलेली नसताना हलत असेल तर ती उपटण्याआधी सायनसचा फोटो हवा.

हा आजार कशामुळे होतो? वडील चाळीस वर्षं जिनिंगमध्ये होते.

ठोस एक कारण हाताशी नाही. ह्युमन पॅपिलोमा विषाणू काही गाठींत सापडतो, पण सगळ्यांत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बहुतेक इन्व्हर्टेड पॅपिलोमांमध्ये इजीएफआर नावाच्या जनुकात बदल आढळला. हा बदल त्या गाठीपुरता असतो, रक्तातून मुलांकडे जाणारा नसतो. त्यामुळे भावंडांच्या आणि मुलाबाळांच्या तपासण्या करत बसायची गरज नाही.

जिनिंगची धूळ श्वासनळीला आणि फुफ्फुसाला त्रास देते हे नक्की, पण कापसाच्या धुळीने पॅपिलोमा होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. लाकडाच्या आणि चामड्याच्या धुळीची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या दोन्ही धुळी माणसात कॅन्सर करणाऱ्या म्हणून नोंदल्या आहेत, आणि तो कॅन्सर नाक-सायनसचाच. सुतारकाम करणाऱ्या, फर्निचरच्या कारखान्यात रंधा-पॉलिश पेपर चालवणाऱ्या माणसाने एकतर्फी नाकाकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. तोंडाला रुमाल बांधून लाकडाची बारीक धूळ अडत नाही; मास्क चांगला लागतो.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत गाठ परत येण्याचं आणि तिचा कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. गुटखा आणि मिश्रीचा हिशोब तोंडाच्या कॅन्सरकडे मांडायचा, इथे नाही. सोडायचं असेल तर सगळंच सोडा.

विषाणू म्हणालात. मग हे लागट आहे का? ताट-तांब्या वेगळा ठेवायचा का?

नाही. एकाच ताटात जेवा. हा विषाणू फार ठिकाणी आढळणारा आहे, आणि तो अंगात असणं म्हणजे गाठ होणं नव्हे. बाईला किंवा नवऱ्याला यावरून दूषण देण्यासारखं तर यात काहीच नाही; हा प्रश्न दारामागे हळू आवाजात विचारला जातो, म्हणून इथे लिहिलं.

कोणत्या तपासण्या लागतात?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाकात दुर्बीण घालून पाहणं. भूल द्यायला फवारा पुरतो, पाच-दहा मिनिटांचं काम. मग सीटी स्कॅन. त्यात हाड कुठे झिजलंय हे तर दिसतंच, पण अनुभवी डोळा आणखी एक गोष्ट शोधतो : हाडाचा एखादा ठिपका आजूबाजूपेक्षा जाड झालाय का. गाठीचं मूळ बहुधा तिथेच असतं. गाठ मोठी असेल, डोळ्याच्या किंवा मेंदूच्या हद्दीवर असेल, किंवा सीटीत सगळाच सायनस पांढरा दिसत असेल, तर एमआरआय. गाठ किती आणि तिच्यामागे साचलेला शेंबूड किती, हे एमआरआय वेगळं करून दाखवतो.

तुकडा घ्यायचा तो शक्यतो स्कॅन पाहिल्यानंतर. नाकाच्या छताकडून मेंदूचं आवरणही खाली उतरलेलं असू शकतं, आणि काही गाठी रक्ताने भरलेल्या असतात. न बघता चिमटा लावला तर अनर्थ होतो. ओपीडीतच लगेच तुकडा का घेतला नाही म्हणून डॉक्टरांवर चिडू नका.

तुकडा काढला की गाठ भडकते, कॅन्सर अंगभर पसरतो, असं म्हणतात.

‘गाठीला हत्यार लावू नका’ हे वाक्य गावोगाव ऐकायला मिळतं, आणि त्यापायी वर्षं वाया जातात. नाकातल्या या गाठीचा तुकडा घेतल्याने ती पसरत नाही. समज कशातून आला ते उघड आहे : लोक तुकड्यापर्यंत येतात तेच फार उशिरा, तोवर आजार बळावलेला असतो, आणि दोष हत्याराला लागतो.

मात्र एक मर्यादा सांगायला हवी. वरवरच्या एका तुकड्यात ‘कॅन्सर नाही’ आलं, म्हणजे आख्ख्या गाठीत नाही असं होत नाही. कॅन्सरचा भाग गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात असू शकतो. म्हणून ऑपरेशनमध्ये निघालेलं सगळंच्या सगळं मास पॅथॉलॉजीत गेलं पाहिजे.

आता बाटलीबद्दल. लहान दवाखान्यांत ऑपरेशननंतर मासाची बाटली नातेवाईकांच्या हातात देतात आणि लॅबला नेऊन द्या म्हणतात. मग एसटीच्या गडबडीत ती पिशवीतच राहते, किंवा ‘मास तर निघालं, आता कशाला आणखी पैसे’ म्हणून कुणी देतच नाही. कृपा करून असं करू नका. बाटलीत फॉर्मेलिन आहे ना, हे विचारा. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो आणि मग तपासणी निरुपयोगी होते. बाटलीवर नाव, तारीख आणि डावं की उजवं हे लिहिलेलं हवं. रिपोर्ट आला की तो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवायचा, नुसता फाइलमध्ये लावायचा नाही.

रिपोर्टमध्ये इंग्रजीत बरंच काही लिहिलंय. काय बघायचं?

‘श्नायडेरियन पॅपिलोमा’ किंवा ‘सायनोनेझल पॅपिलोमा’ असं लिहिलं असेल तर पुढे प्रकार बघा. तीन आहेत. ‘इन्व्हर्टेड’ म्हणजे इथे आपण बोलतोय तो. ‘एक्सोफायटिक’ बहुधा नाकाच्या मधल्या पडद्यावर होतो आणि त्याचा कॅन्सर क्वचितच होतो. ‘ऑन्कोसायटिक’ विरळा, पण धोका इन्व्हर्टेडइतकाच धरायचा.

मग ‘डिस्प्लेशिया’ हा शब्द. पेशींची ठेवण बिघडायला लागली आहे, असा त्याचा अर्थ. ‘माइल्ड’ असेल तर लक्ष ठेवायचं; ‘सिव्हिअर’ किंवा ‘कार्सिनोमा इन सिटू’ (अस्तरातच असलेला, खाली न शिरलेला कॅन्सर) असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांचंही मत घ्यायचं. ‘इन्व्हेजिव्ह’ (खालच्या थरांत शिरलेला कॅन्सर) आलं तर पुढचं उपचाराचं गणित बदलतं : जास्त मोठं ऑपरेशन, बहुतेकांना त्यानंतर रेडिएशन, काहींना केमो. नुसत्या साध्या पॅपिलोमाला रेडिएशन देत नाहीत. कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या.

ऑपरेशनशिवाय इलाज नाही का? स्प्रे, वाफ, नस्य, गावठी औषध?

स्टिरॉइडचा स्प्रे ॲलर्जीच्या पॉलिपवर चालतो, पॅपिलोमावर नाही. वाफेने आणि नस्याने नाक मोकळं वाटेल, गाठ जाणार नाही. नाकात औषध घालून मास ‘गाळून पाडून’ देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. क्षार किंवा आम्ल नाकात गेलं की गाठीचं टोक जळतं, मूळ शाबूत राहतं, आणि भाजलेल्या जागी व्रण धरून नंतरचं ऑपरेशन अवघड होतं.

ऑपरेशन कसं असतं? चेहरा चिरावा लागेल का?

पूर्वी नाकाच्या कडेने गालावर चीर देत, किंवा ओठ उचलून गालाचं हाड फोडत. आता बहुतेक सगळं नाकातूनच, दुर्बिणीने होतं; बाहेर टाके नाहीत. पूर्ण भूल लागते. गाठ कपाळाच्या सायनसच्या बाहेरच्या कोपऱ्यात गेली असेल, तर भुवईजवळ छोटी चीर द्यावी लागू शकते.

नुसतं लोंबतं मास ओढून काढणं म्हणजे हरळीचा वरचा पाला कापणं. काशी जमिनीत राहिली की पाऊस पडताच ती पुन्हा फुटते. म्हणून गाठ ज्या हाडावरून उगवली ती जागा शोधून तिथलं अस्तर खरवडतात आणि खालचं हाड ड्रिलने घासतात. गालाच्या सायनसमध्ये मूळ असेल तर नाक आणि सायनस यांच्यामधली भिंतच काढतात. पूर्वी नुसतं मास ओढून काढायचे तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत यायची. मूळ काढून केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे प्रमाण साधारण दहा ते वीस टक्क्यांवर आलं आहे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना सरळ विचारा : ‘मूळ कुठे आहे, आणि तिथलं हाड घासणार का?’ यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो.

मराठवाड्यात हे होतं का, की मुंबईलाच जावं लागेल?

बहुतेकांना मुंबई लागत नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण, या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नाक-कान-घसा विभाग आहेत. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव आणि लातूरकडचे बरेच लोक बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जातात, ते त्यांना जवळही पडतं. गाठ कवटीच्या तळाला भिडली असेल किंवा दोनदा-तीनदा परत आली असेल, तर मात्र मोठ्या केंद्राची वाट धरावी. त्याला न्यूरोसर्जन सोबत असलेली टीम लागते.

पैशांसाठी : महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत कोणत्या नावाने बसतं हे त्यांना विचारा. आधी रोख भरून नंतर योजनेतून परत मागणं जमत नाही.

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. एकच नाक बंद आणि सारखा घुळणा फुटतो. हेच असेल का?

बहुधा नाही, पण थांबू नका. या वयाच्या मुलग्यांत अँजिओफायब्रोमा नावाची गाठ होते. ती साधी असते आणि तिचा कॅन्सर सहसा होत नाही, पण ती रक्तवाहिन्यांनी खचाखच भरलेली असते. ओपीडीत तिचा तुकडा घेणं जिवावर बेतू शकतं. निदान स्कॅनवरच करतात, आणि ऑपरेशनआधी तिचा रक्तपुरवठा बंद करायची सोय असलेलं रुग्णालय बघतात. रक्त येत नसेल आणि एकच पांढरट पॉलिप घशामागे लोंबत असेल, तर तो गालाच्या सायनसमधून आलेला साधा पॉलिप असण्याची शक्यता मोठी.

सीटीत ऑस्टिओमा आलाय. त्याचा कॅन्सर होतो का?

नाही. ती हाडाची गाठ आहे. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात.

२०२१ मध्ये म्युकर झाला होता, तेव्हा सायनसचं ऑपरेशन झालं. आता परत नाक बंद आहे.

म्युकरमुळे पॅपिलोमा होत नाही. खपल्या धरणं, व्रणाने वाट बंद होणं ही जास्त संभाव्य कारणं. तरी दुर्बिणीने पाहून घ्या, आणि साखर तपासा. साखर वाढलेली असताना चेहरा दुखतोय, गाल सुजलाय किंवा नाकात काळी खपली दिसतेय, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

ऑपरेशननंतर किती वर्षं दाखवायला यायचं? आम्ही ऊसतोडीला जातो, उचल घेतलेली आहे.

पहिले दोन आठवडे जड उचलायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. मोळी डोक्यावर घेणं या काळात बंदच. नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगतात. ते पाणी उकळून गार केलेलं हवं, बोअरचं किंवा टँकरचं तसंच नको.

गाठ परत येते ती बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण पाच आणि दहा वर्षांनीही आलेली आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा दुर्बिणीने पाहायचं, असं साधारण वेळापत्रक असतं. तुमचे डॉक्टर सांगतील तेच अंतिम. त्रास नसला तरी यायचं, कारण लहानशा परतलेल्या गाठीने नाक बंद होत नाही.

तोडीच्या हंगामात हे जमत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून ऑपरेशन शक्यतो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात करून घ्या; दिवाळीपर्यंत पहिल्या एक-दोन तपासण्या होऊन जातात. निघण्याआधी एकदा दाखवा. फडावर असताना रक्त आलं किंवा नाक पुन्हा बंद झालं, तर सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही शासकीय रुग्णालयात दाखवता येतं, पण तिथल्या डॉक्टरला आधी काय झालं ते कळायला हवं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि सीटीच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि कागदांची एक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत न्या.